कोरडी कळी आधी पडते

धोंडू, आयुष्यभर मी तुला ‘मेल्या’ म्हणत आले. शेणाला हात लावला नाहीस म्हणून मेल्या, उष्टं ताट तसंच टाकून उठलास म्हणून मेल्या, तुझ्या हळदीच्या दिवशीसुद्धा मेल्या. आता तू खरोखरच मेलास आणि माझ्या तोंडातला चांगला चालता शब्द घेऊन गेलास. तू गेल्यापासून दोनदा तो जिभेवर आला आणि मला गिळावा लागला.

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. तू होतास तेव्हा मी तुझ्याबद्दल कधी गोड बोलले नाही, मग आता कशाला लोणी लावू. मी तुझी थोरली बहीण. आई गेल्यावर तुझा शेंबूड मी पुसलाय. तुला काय वाटेल याचा विचार मी तेव्हा केला नाही आणि आताही करणार नाही.

आणि गेलास तरी कसा. देवीला कण्हेरीच्या कळ्या तोडायला म्हणून गेलास आणि देवळामागच्या दगडी गडग्यात घोणस चावली. गाव म्हणतं, “लई भाग्याचा गुरव, देवीच्या सेवंत गेला.” तुझा पाय बघितला होता का त्यांनी? जीप खाली पासलीच्या दवाखान्यापर्यंत उतरेस्तोवर तो फणसाएवढा सुजला होता. हे भाग्य असेल तर देवीनं ते म्हणणाऱ्यांच्या घरोघरी वाटावं. असं मी त्यांच्या तोंडावर बोलले तेव्हा तुझी बायको माझा हात दाबायला लागली. तिला वाटलं मला दुःखानं भ्रम झालाय.

तू काय म्हणाला असतास ते मला पाठ आहे. “आक्का, सापाला काय कळतंय. त्याला पाप न्हाई. पाप माणसाला. कारण माणूस मोकळा सोडलाय.” बरं. माणूस मोकळा सोडलाय म्हणून तो वाईट वागतो, त्यात देवाचा दोष नाही, हे तुझं म्हणणं मी घटकाभर मान्य करते. पण मग सापाला गडग्यात कुणी बसवलं? त्याला ना मन, ना बुद्धी, ना निवड. तो चावला तो कुणाच्या मर्जीनं? हे मला तुला विचारायचं होतं. नेमकं याच वेळेला तू उठून गेलास. हरायला आलास की खेळ मोडून पळायची तुझी सवय लहानपणापासूनची.

दहाव्याला कावळा लगेच शिवला. भटजी म्हणाले, “काही इच्छा राहिली नव्हती, आत्मा तृप्त आहे.” मी नदीवर सगळ्यांसमोर म्हटलं, “तृप्त कसला? माझ्याशी भांडण अर्धं टाकून गेलाय तो.” कुणी हसलं नाही. तू हसला असतास.

ते भांडण कौलाचं. आपल्या बापाचं, मग तुझं, गुरवपण. देवीच्या दगडाला दोन खांदे, दोन्ही खांद्यांवर पाण्यात भिजवलेली एकेक कळी चिकटवायची, गाऱ्हाणं घालायचं आणि बघत बसायचं. उजवी आधी पडली तर हो, डावी आधी पडली तर नको. आपण दोघं गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर बसून कोणती पडेल याच्या पैजा लावायचो. तू नेहमी हरायचास, कारण तू देवीकडं बघायचास आणि मी बाबांच्या हाताकडं. पाण्याचा तांब्या धरायचं काम माझं होतं. मी बघितलं की जी कळी बाबा कुणाच्या नकळत धोतराच्या सोग्याला टिपून लावतात ती आधी पडते. कोरडी कळी आधी पडते, त्यात देवीचा काय संबंध. हे मी तुला विहिरीवर सांगितलं तेव्हा तू मला मारायला धावलास. मग बाबांवर लक्ष ठेवलंस. मग आठवडाभर तू देवळात पाऊल टाकलं नाहीस.

पण तुला खरं लागलं ते वरच्या वाडीच्या त्या बाईचं. पावसाळ्यात ती देवीपुढं उभी राहिली होती, काखेत तापानं फणफणलेलं पोर. नदीला लोंढा आलेला. “पोराला पल्याड डाक्टरकडं न्यू का?” एवढंच विचारत होती. बाबांनी बाहेर नदीकडं बघितलं. पाण्याचा तो आवाज तुला आठवत असेल. बाबांनी डावी कळी टिपली. डावी पडली, बाई माघारी गेली, आणि पाणी उतरायच्या आत पोर गेलं. ती बाई पुढं दर जत्रेला नारळ घेऊन यायची आणि बाबांच्या पाया पडायची. “देवीची मर्जी,” म्हणायची. बाबा तो नारळ घ्यायचे. घरात कुणाला खाऊ द्यायचे नाहीत, स्वतःही खायचे नाहीत.

यावर आपण किती वर्षं भांडलो. मी म्हणायची, बाबांनी दया केली. नदीत उतरली असती तर मायलेकरं दोघंही गेली असती. तू म्हणायचास, “गेली असती बी. पर ती तिची नदी व्हती, आक्का. उतरायचं का न्हाई ते तिनं ठरवायचं. बाबानं तिच्या हातातनं ते काढून घेतलं आणि वर देवीचं नाव दिलं.” मी म्हणायची, मेलेल्या पोराच्या आईला ठरवायचा हक्क काय चाटायचाय? तू उठून म्हशी सोडायला जायचास. तू उठलास की मला वाटायचं मी जिंकले.

मग बाबा गेले आणि तू गुरव झालास, आणि गावाला कळलं की नवा गुरव विचित्र आहे. पेरणी कधी करू, जत्रा कोणत्या वारी धरू, हरवलेली म्हैस कोणत्या अंगाला शोधू, याला तू कौल लावायचास. दोन्ही कळ्या एकाच तांब्यात बुडवून, हात लांब करून, सगळ्यांना दिसेल असा. पण कुणी आलं की भावाला वाटा देऊ का, पोलिसांत नाव सांगू का, बायकोला नांदवू का, की तू तांब्या उपडा करायचास. “ह्ये देवीला इचारायचं न्हाई. ह्ये तिनं तुमच्यावर सोपवलंय.” लोक चिडून शेजारच्या गावच्या गुरवाकडं जायचे.

मला तुझं कौतुक वाटायचं तेव्हा. खोटं कशाला बोलू. भोरला एसटी स्टँडाजवळ माझी खानावळ, तिथं गिऱ्हाइकांना वाढता वाढता मी सांगायची, माझा भाऊ गुरव आहे पण देवाच्या नावानं फसवत नाही. ते कौतुक कुठवर, तर माझ्या दारात येईपर्यंत.

माझ्या लेकीला, वैशूला, हिर्डोशीकडचा एक जीपवाला आवडला. तू त्याला ओळखत होतास. पाली, वेल्हे, वरंधा, सगळीकडं ट्रेकवाल्यांना घेऊन फिरायचा. प्यायचा. स्वतःच्या आईवर हात उचललेला तू डोळ्यांनी बघितला होतास. मी वैशूला बोलून बोलून थकले. शेवटी ती म्हणाली, “मामा कौल लावू दे. देवी नको म्हणाली तर नाही करणार, तुझी शप्पथ.” मला वाटलं देवच पावला. खानावळ बंद ठेवून मी एसटीनं वेल्ह्याला आणि तिथून मिळेल त्या गाडीनं वर तुझ्याकडं आले. तू भाताच्या खाचरात होतास. चिखलातल्या तुझ्या पायांना मी, थोरल्या बहिणीनं, हात लावला. म्हटलं, धोंडू, एकच कळी. नुसती सदऱ्याला टीप आणि लाव. पोरीचा जन्म वाचेल.

“म्या न्हाई लावणार,” म्हणालास. “खोटा न्हाई, खरा बी न्हाई.”

“तुझी भाची आहे ती.”

“म्हणूनच.”

त्या ‘म्हणूनच’साठी मी तुला अजून माफ केलेलं नाही. दुसऱ्या दिवशी तू भोरला आलास, वैशूला समोर बसवलंस आणि त्या माणसाबद्दल तुला जे जे ठाऊक होतं ते सगळं सांगितलंस. काही लपवलं नाहीस, काही वाढवलं नाहीस. ती रडली. मग डोळे पुसून म्हणाली, “मामा, तरी मला करायचंय.” तू म्हणालास, “कर मग. काय झालं तर म्या हाय.” आणि लग्नात अक्षता टाकल्यास, पंगतीत बसून बुंदी मागून घेतलीस. मला त्या दिवशी तुझ्या पानात माती कालवावीशी वाटत होती.

पुढचं तुला माहीत आहे, पण मी सांगणार, कारण तुला ते ऐकायला लावणं एवढंच माझ्या हातात उरलंय. एका दुपारी वैशू हातात नुसती पिशवी घेऊन खानावळीच्या दारात उभी राहिली. मी हाक मारली तर वळेना. मला वाटलं रागावलीय. तिच्या डाव्या कानाचा पडदा गेला होता. एका थपडेनं नाही गेला. डॉक्टर म्हणाले, बरेच दिवस मार बसतोय. इतके दिवस फोनवर ती मला “सगळं बरंय” सांगत होती, आणि फोन उजव्या कानाला लावत होती.

मी तिला घेऊन तुझ्याकडं आले. ओट्यावर तू बसला होतास, दोरी वळत. मी तिचं डोकं धरून तुझ्यापुढं फिरवलं. म्हटलं, हा बघ तुझा मोकळा सोडलेला माणूस. तुझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मला त्याचा आणखी राग आला. तुला ठाऊक होतं, तुला थांबवता येत होतं, तुझं तिच्यावर प्रेम होतं. या तिन्हीतलं एक तरी खोटं असलं पाहिजे, म्हटलं मी. सांग कोणतं ते.

तू हातातल्या दोरीला आणखी एक पीळ दिलास. मग म्हणालास, “आक्का, खुंट्याला बांधलेली म्हस सांजच्याला गोठ्यात असती. पर ती घरी आली असं कोण म्हणत न्हाई. रानात सोडलेली आली तर म्हणायचं, आली. देवाला आलेली माणसं पायजेत. बांधलेली त्याला नकोत.”

“आणि वाटेत बिबट्यानं फाडली तर?”

“तर रडायचं.”

“कुणी? देवानं?”

“तो बी रडत असंल की.”

“रडणारा देव मी काय करू? मला दावं टाकणारा पाहिजे. रडायला मी आहे ना.”

“दावं टाकलं असतंस तर ती तुझी लेक राह्यली नसती. तुझी म्हस झाली असती.”

“झाली असती तर झाली असती. दोन कानांची म्हैस असती.”

वैशू शेजारीच बसली होती, आणि आपण दोघं तिच्या डाव्या बाजूला असल्यानं तिनं अर्धंच ऐकलं असेल.

मी तुझ्याशी बोलणं तोडलं नाही. तोडलं असतं तर तुला शांतता मिळाली असती. दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की मी मोबाईल लावायची आणि जिथं थांबलो तिथून भांडण पुढं सुरू. पेपरात काही वाईट वाचलं की तुला ऐकवायची. हा बघ तुझा मोकळा माणूस, ही बघ त्याची करणी. तू म्हणायचास, “वाचलं म्या. वंगाळ झालं.” एवढंच. देवाची बाजू घ्यायचास पण देवासारखा थंड नव्हतास, हे मला कबूल आहे.

आणखी एक कबूल करते, एकदाच. तू महिन्या-दोन महिन्यांनी भोरला यायचास, तांदळाची पिशवी खांद्यावर. आल्या आल्या कुणी न सांगता वैशूच्या उजव्या हाताला बसायचास. तिच्या सख्ख्या आईला, मला, ते रोज नव्यानं आठवावं लागायचं. तुला कधीच लागलं नाही. तुझ्यासमोर ती मान वाकडी न करता बोलायची. तुझं कधी कौतुक केलं नाही मी. आता केलं, झालं.

तर तुझा दहावा. नदीवर माणसं पांगत होती आणि मुंडण केलेला एक जण पाण्याच्या कडेला बसून हमसून हमसून रडत होता. मला वाटलं तुझा कुणी भाऊबंद. जवळ गेले तर आमचे जावई. मी पायातली वहाण काढली. तो उठला नाही, सरकला नाही. “मारा आई,” म्हणाला. “पर आधी ऐका. दोन पावसाळं झालं, थेंब घेतला न्हाई म्या. मामा यायचं माझ्याकडं.”

धोंडू, माझ्या हातात वहाण तशीच राहिली. भोरहून तू घरी जात नव्हतास. भोरहून तू महाडची एसटी धरून हिर्डोशीला जात होतास. गाडी चुकली तर चालत. त्या माणसाच्या घरात बसत होतास, त्याच्या ताटात जेवत होतास. माझ्या पोरीच्या उजव्या हाताला बसून उठायचास आणि ज्यानं तिचा डावा कान फोडला त्याच्याकडं जायचास. एकाच दिवसात. मी त्याला विचारलं, काय सांगायचा तो तुला? माफी द्यायचा? देवीचा अंगारा लावायचा?

“न्हाई,” म्हणाला. “मामा म्हणायचं, तू केलंस ते तूच केलंस. देवानं करवलं न्हाई, दारूनं करवलं न्हाई. तुला थांबता येत व्हतं. एवढंच म्हणायचं आणि जेवायचं. पयल्यांदा म्या त्यांना ढकलून दिलं भाईर. पुन्यांदा आलं.”

त्याच्या तोंडून तुझं वाक्य ऐकलं आणि मला कळेना, वहाण त्याच्या डोक्यात घालू की तुझ्या अस्थींच्या मडक्यावर. तू मला सांगितलं का नाहीस? मी आडवी पडले असते म्हणून. बरोबर, पडले असते. म्हणजे माझा हक्क तेवढा तू काढून घेतलास. मोकळीक सगळ्यांना, आक्काला सोडून. हे भांडणही राहिलंच.

माझ्यामागं उभ्या असलेल्या वैशूनं ते सगळं ऐकलं. तेराव्यापर्यंत ती चुलीपुढं राबत राहिली. जावई गावातच होता, देवळाच्या पडवीत निजायचा, पत्रावळ्या उचलायचा. तेरावा झाला, तुझा पोरगा कंपनीत रजा नाही म्हणून पुण्याला परत गेला, आणि वैशू मला म्हणाली, “आई, तो म्हणतोय चल. मला ठरवता येत नाही. मागच्या खेपेला मी ठरवलं, त्याचं काय झालं तू बघितलंस. आता देवी सांगेल ते.” मी म्हटलं, लावणार कोण? धोंडू, तुझ्या पोराला येत नाही, आणि परक्या गुरवाचा हात वैशूला नको होता. “तू लाव,” म्हणाली. “आजोबांचा तांब्या तूच धरायचीस ना.”

दुपारी देवळात कुणी नव्हतं. बाईनं कौल लावायचा नसतो हे मला ठाऊक आहे, देवीला ठाऊक असल्याचं दिसलं नाही. वैशू उंबऱ्यावर बसली. जावई बाहेर पायरीवर, डोकं गुडघ्यात घालून. मी दोन कळ्या पाण्यात टाकल्या. तू शेवटची परडी भरायला गेलास त्याच कण्हेरीच्या. उजवी तशीच निथळती लावली. डावी पदराला टिपली.

समजून उमजून टिपली. हे तुला कळावं म्हणून सांगते. मनात म्हटलं, जे तुला जमलं नाही, जे तुझ्या देवाला जमत नाही, ते मी चिमूटभर पदरात करून दाखवते. डावी पडली. वैशूनं दगडाला डोकं टेकवलं आणि उठून बाहेर गेली. त्याला म्हणाली, “नको म्हणालीय.” तोही देवीच्या पाया पडला आणि चालू लागला. मागं वळून बघितलं नाही, वाद घातला नाही. मला वाटलं होतं तो आरडाओरडा करेल आणि माझं खरं ठरेल. तेवढंही सुख त्यानं दिलं नाही.

पोरगी माझ्याकडं राहिली. मी जिंकले. भोरला आलो, भट्टी पेटवली, ताटं लागली. दुसऱ्या दिवशी वैशू म्हणाली, “आई, केस कापू का? लई गळतायत. लाव ना कौल.” मी हसले. ती हसली नव्हती. मग भाजी कोणती करायची. मग सुट्टीच्या दिवशी मैत्रिणीकडं जाऊ का. मी म्हटलं, अगं तूच ठरव, कापायचेत तर काप. ती म्हणाली, “मला नाही कळत. माझं चुकतं.” परवा मी आत आले तर पिण्याच्या पाण्याच्या पिंपाला तिनं दोन तुळशीची पानं चिकटवली होती आणि समोर बसून होती. विचारलं, काय बघतेस? तर म्हणाली, साडी कोणती नेसू.

तिला कुणी मारत नाही. तिला वेळेवर जेवायला आहे, डोक्यावर छप्पर आहे, तिच्या दारावर राखणीला मी आहे. आणि तिथं पिंपासमोर जी बसली होती ती माझी वैशू नव्हती. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की तुझ्या देवाला हे रोज करता आलं असतं. सगळ्या जगाच्या डाव्या कळ्या टिपत बसायचं. एक थप्पड बसली नसती कुणाला, एक पोर गेलं नसतं. आणि माणसं अशी बसली असती पिंपासमोर, साडी कोणती नेसू म्हणून. तो असं का करत नाही हे मला कळलं, धोंडू. पटलं नाही. कळलं आणि पटलं यात फरक असतो, एवढं तरी तुला मान्य करावं लागेल. तिचा कान परत येत नाही, आणि ज्यांच्या पोरी परतच आल्या नाहीत त्यांना जाऊन तू हे समजावून दाखव. मी समजावणार नाही. मला तोंड नाही.

पण ती पानं मी काढली आणि तिच्या उजव्या हाताला बसले. म्हटलं, डावी कळी मी पदराला पुसली होती. देवी काही बोललेली नाही. मी बोलले.

आधी तिला कळलंच नाही. मग तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं मी इतकी वर्षं तुझ्याकडं बघत होते. “तुला कुणी सांगितलं होतं?” म्हणाली. “मी म्हणजे काय आहे तुझ्या घरातली? भांडं आहे?” खूप बोलली. पहिल्यांदाच मोठ्यानं बोलली. बाहेर बसलेली गिऱ्हाइकं उठून गेली. मी ऐकत बसले. बोलून झाल्यावर एकदम लहान आवाजात म्हणाली, “मग आता खरा लाव.”

माझ्या जिभेवर ‘लावते’ आलं होतं. वाटलं, दोन्ही ओल्या लावाव्यात आणि सुटावं. ते माझ्यानं झालं नाही. म्हटलं, लावणार नाही. खोटा नाही, खरा नाही. मग मला ठाऊक होतं ते सगळं तिला सांगितलं. त्यानं तुझा कान फोडला. तो नदीवर रडत होता. दोन पावसाळे प्यायला नाही असं तो म्हणतो, खरं आहे का ते मी गावात विचारून घेतलंय, लोक हो म्हणतात. सुटलेली दारू परत धरते, हेही मी बघितलंय. मला विचारशील तर जाऊ नकोस. पण मी आडवी येणार नाही.

“आणि पुन्हा मारलं तर?” ती म्हणाली.

मी काय सांगणार होते? तू तेव्हा ‘म्या हाय’ म्हणाला होतास. तू आता नाहीस. मी म्हटलं, तर मी आहे, पण मी आहे म्हणून मार चुकत नाही, हे आपण दोघी शिकलोय.

आज सकाळी ती निघाली. रडून नाही, हट्टानं नाही. केस कापून घेतलेत तिनं, खांद्यापर्यंत, स्वतःच ठरवून. म्हणाली, “बघून येते. पटलं तर राहीन. हात नुसता वर झाला तरी दुसरी एसटी धरीन. पण कौल नको आता.” मी स्टँडवर गेले नाही. माझे पाय तिथून परत फिरले नसते, गाडीपुढंच आडवी झाले असते. ती पायरी उतरताना मला तिला घट्ट धरून ठेवावंसं वाटत होतं, हाडं मोडतील इतकं. ते पण पाप झालं असतं का रे, की नुसती आईची माया? हे विचारायला तू पाहिजे होतास, मेल्या. बघ, आला तोंडात.

पिशवीत भाकरी आणि ठेचा बांधून दिला. चार भाकरी घातल्या. ती एका वेळेला दोनच खाते. उरलेल्या दोन कुणासाठी ते तू ओळखलं असशील, पण खूश होऊ नकोस. ठेचा मी मुद्दाम जहाल केलाय, डोळ्यांतून पाणी काढेल असा, आणि तो तिला चालतो. त्याला नाही चालत.